रेघेच्या वर दीड फूट

पुराची रेघ अजून आहे भिंतीवर.
दोनदा चुना मारला तरी उगवते,
बशीतल्या चहाच्या डागासारखी.
पाचवीच्या वर्गात माझ्या भुवईला लागते.
बालवाडी दोन पायऱ्या खाली,
तिथं डोक्यावरून जाते.

चौगुले बाई म्हणाल्या, नदाफ,
सगळे बोर्ड रेघेच्या वर घ्या, दीड फूट.
आणि लाइटबिल खाली आणा.
वर आणि खाली
एकाच कागदावर लिहून दिलं त्यांनी.

मी आधी फ्यूज उघडले.
मेन फ्यूजमध्ये कुणीतरी जाड तार पिळून घातलेली.
कुणीतरी म्हणजे मीच.
गॅदरिंगच्या रात्री तीनदा फ्यूज उडाला होता,
पडद्यामागं मावळे ताटकळलेले,
घामानं दाढ्या सुटायला लागलेल्या.
तेव्हा घातली, म्हटलं, उद्या काढतो.
तो उद्या अकरा वर्षांनी उजाडला.

तार काळी पडलेली, पण शाबूत.
शाबूत आहे हेच वाईट.
फ्यूजचं काम वेळेवर मरायचं.
त्यानं मरायचं नाकारलं
तर त्याच्या जागी कोण उभं होतं अकरा वर्षं,
हा हिशेब मी स्टुलावर उभा राहून केला.
खाली सातवीची हजेरी चालू होती.
हजर बाई. हजर बाई. हजर.

तार खिशात टाकली.
बाईंना सांगायला तीन दिवस लागले.
त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

अर्थिंगचा खड्डा मागं, नळाशेजारी, आणि कोरडाठाक.
कोळसा भरला, खडेमीठ भरलं,
सुतारमामांना म्हटलं, रोज एक घागर ओता हितं.
मामा म्हणाले, झाड हाय व्हय ते?
म्हटलं, झाडच.
मूळ एवढंच दिसतंय,
फांद्या सगळ्या वर्गांत गेल्यात.

सहावीत भरदिवसा चार ट्यूब.
खिडकीपुढं कपाट,
कपाटात ढाली, आणि पुरात भिजून
पापडासारखे वाळलेले नकाशे.
मी आणि मामांनी कपाट सरकवलं.
ऊन आत आलं
आणि पहिल्या बाकावर जाऊन बसलं.
बाईंनी न सांगता ट्यूब बंद केल्या.
हे काम मी बिलात लावलं नाही.
कपाट सरकवायचा दर माझ्याकडं नाही.

बोर्ड वर गेले, नदीच्या हाताबाहेर.
पोरांच्याही.
आठवडाभर पंखे रिकाम्या बाकांना वारा घालत बसले.
मग ऋतिका डवरी बाकावर चढली,
फुटपट्टीनं बटण दाबायला.
स्टीलची फुटपट्टी.
मी दारात होतो.
माझी आरोळी शिवाजी पुलापर्यंत गेली असेल.
ती रडली नाही. म्हणाली,
मग बंद कुणी करायचं, काका?

लक्ष्मीपुरीत दोरीचे स्विच मागितले
तर दुकानदार हसला.
पूर्वी न्हाणीघरात असायचे, ओल्या हातांसाठी.
माळ्यावर चढून त्यानं धुळीचं खोकं काढलं:
चौदा निघाले. दोन बिघडलेले.
वर्ग बारा.

आता सुती दोरी, ओढली की टक्.
टोकाला मणी ऋतिकानं बांधलेत,
बेंदराला मातीच्या बैलांसाठी आणलेले, उरलेले.
पाच वाजता शाळा सुटते
तेव्हा ओळीनं टक्, टक्, टक्,
मधेच एखाद्या वर्गात उगीच चार वेळा,
मग बाईंचा आवाज.

बिल अजून आलेलं नाही.
राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट,
पावसाळ्यात रोज पेपरात येतं.
मी तो आकडा वाचतो
आणि मनात आमचा मांडतो, दीड.
पुरेल का, ते नदीला माहीत.

मणी तेवढे
रेघेच्या खाली लोंबतात.
पोरांच्या उंचीचं काहीतरी
खाली ठेवावंच लागतं.